करवीरनगरीत आपले स्वागत

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, परगावाहून आलेले चित्रकार, समीक्षक, विद्यार्थी आणि माझ्या कोल्हापूरकर बंधुभगिनींनो,

आई अंबाबाईच्या या नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगीच नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीइतकाच नाटकाला आणि चित्राला आश्रय दिला. आबालाल रहिमान त्यांच्याच पदरी होते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते इथे परतले, कोटितीर्थ तलावाच्या पाण्यावरचा उजेड रंगवत राहिले आणि १९३१ साली गेले. त्यांच्या निसर्गचित्रांत झाडाचे पान न् पान कोरलेले नाही. दोन-चार फटकाऱ्यांत अख्खे झाड उभे राहते. एवढ्या तोलाच्या चित्रकाराचे नाव आज किती जणांच्या ओठी आहे? ही खंत या व्यासपीठावरून बोलून दाखवणे मी माझे कर्तव्य समजतो.

१९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणणारे कलामहर्षी बाबूराव पेंटर आपल्याला ठाऊकच आहेत. त्याआधी त्यांनी आणि त्यांचे सहकारी आनंदराव पेंटर यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवले. एवढा मोठा पडदा रंगवायला नुसते मनगट पुरत नाही. खांदा लागतो, पावले लागतात. पुढे तिकडे न्यूयॉर्ककडेही चित्रकार असेच अंग झोकून रंगवू लागले: जॅक्सन पोलॉक जमिनीवर अंथरलेल्या कॅनव्हासभोवती फिरत रंग ओतत होता, फ्रान्झ क्लाइन भिंती रंगवायचे रुंद ब्रश चालवत होता. सारे शरीर चित्रात उतरवण्याचा त्यांचा ध्यास आमच्या गावाला परका वाटत नाही. त्यापुढचे विवेचन विद्वानांनी करावे.

काही उणिवांबद्दल क्षमा मागतो. पाहुण्यांची निवासव्यवस्था तीन ठिकाणी विभागावी लागली. सकाळी गरम पाणी काहींना उशिरा मिळाले. तांबडा रस्सा तिखट लागला असेल, तर पांढरा मागून घ्यावा. संकोच करू नये.

मंगल कार्यालयाचे भाडे न घेणारे मालक, गुळाचे व्यापारी, गुजरीतील सराफ, प्रात्यक्षिकासाठी रंगाचे डबे पाठवणारे दुकानदार, स्वतःचे रुंद ब्रश विश्वासाने हाती देणारे बोर्ड रंगवणारे कारागीर आणि पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या बचतगटाच्या भगिनी, या सर्वांचा मी ऋणी आहे.

एक विनंती आहे. परतीची गाडी पकडण्याआधी टाऊन हॉल संग्रहालयात जा आणि आबालालांची चित्रे जवळून पाहा.