सही कोणाची?



मी डॉक्टर नाही, बँकेत कारकून आहे. परंतु सहीशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या संमतीविषयी दोन शब्द बोलण्याचे धाडस करितो. ज्याला वाचता येत नाही अशा खातेदाराचा अंगठा घेण्यापूर्वी आम्ही त्याला कागद वाचून, समजावून सांगतो. दवाखान्यात मात्र आदल्या रात्री छापील कागद पुढे येतो आणि आपण न वाचता सही करून मोकळे होतो.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. २०११ साली माझ्या थोरल्या बहिणीची पिशवी काढली. गाठी होत्या, अंगावरून फार जात होते. डॉक्टर बोलले ते माझ्याशी व भाऊजींशी. अक्का बाहेर बाकावर बसून होती. सही कर म्हटले, तिने केली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि आम्ही समाधानाने घरी आलो. समाधान आमचे होते. पुढे तिच्या अंगाची आग होऊ लागली, रात्री घाम फुटू लागला. तेव्हा कळले की पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली होती. वय अवघे ४१. "तुम्हा दोघांना विचारलं, मग मला का नाही?" असे ती म्हणाली. मजजवळ उत्तर नव्हते.

अशा गाठींवर काही स्त्रियांना औषधे चालतात, काहींची नुसती गाठ काढता येते, हे मला फार उशिरा समजले. सर्व ऐकून अक्काने कदाचित हीच शस्त्रक्रिया पत्करली असती. पण ठरविणे तिच्याकडे होते.

सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा निकाल विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. १९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांची एक स्त्री दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व अंडाशये काढण्यात आली. डॉक्टरांचा हेतू वाईट होता असे न्यायालयाने म्हटले नाही. परंतु रुग्ण सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, म्हणून आईची संमती ग्राह्य धरली नाही. तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे, असेही सांगितले. उपचाराचे स्वरूप, फायदे, मोठे धोके, दुसरे पर्याय आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णास कळले पाहिजेत. डॉक्टरांची फी नाकारली, भरपाई २५ हजार रुपये. तीही घटनेनंतर तेरा वर्षांनी!

दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. "साहेब, तुम्हीच ठरवा," असे आपणच हात जोडून म्हणतो. सरकारी रुग्णालयातील रांग पाहिली की प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, हेही खरे.

गेल्या वर्षी भाऊजींच्या हर्नियाच्या वेळी अक्का त्यांच्याबरोबर आत गेली. वहीत पाच प्रश्न लिहून नेले होते. डॉक्टर रागावले नाहीत. कागदावर आकृती काढून जाळी कुठे बसवितात ते त्यांनी दाखविले. मी पेन पुढे केले, तर अक्काने ते माझ्या हातातून घेऊन भाऊजींना दिले.