सहभाग मोजावा कसा?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



सेवाकार्याच्या अहवालात किती वह्या वाटल्या, किती रुग्ण तपासले, हे आकडे सहज मांडता येतात. परंतु ज्यांच्यासाठी कार्य झाले, त्यांचा त्या कार्यातील वाटा कोणत्या मापाने मोजावा?

ग्रामसभा जिते परिसरातील सर्वांच्या परिचयाची आहे. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती म्हणजे तिची गणपूर्ती. तहकूब सभेस तीही अट नाही. 26 जानेवारी व 1 मे या तिच्या रूढ तारखा. मात्र दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंत रायगडमधील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर असतात. सह्या पुरेशा होतात, ठराव मंजूर होतो आणि वाडीतील घरे बंदच राहतात.

पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील 22 गावांत 21 सप्टेंबर 2008 रोजी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या भूसंपादनाबाबत शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. प्रकल्पापूर्वी लोकांस विचारले जावे, हे तत्त्व त्यामुळे अधोरेखित झाले. तथापि, तो कौल जमीनधारकांचा होता. सातबाऱ्यावर नाव नसलेली गृहिणी आणि त्याच शेतावर राबणारा भूमिहीन मजूर त्या मोजणीबाहेर राहिले.

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत निराळा मार्ग अवलंबला गेला. घरांच्या दुरुस्तीच्या कार्यक्रमात गावातील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. शासनाची माहिती घरोघरी आणि घरातील अडचण शासनापर्यंत नेण्याचे काम त्यांनी केले. एरवी श्रोत्यांत बसणारी स्त्री येथे कार्याचा दुवा झाली.

अमेरिकेतील अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी 1969 मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या मधल्या पायऱ्यांवर लोकांना माहिती मिळते, त्यांचा सल्लाही घेतला जातो. वरच्या पायऱ्यांवर निर्णयाचा अधिकार त्यांच्या हाती येतो. केवळ हजेरीवरून पायरी ओळखता येत नाही.

म्हणून प्रत्येक उपक्रमाच्या अहवालात चार प्रश्नांची उत्तरे असावीत. कोण आले नाही आणि का? कोणाच्या सूचनेमुळे योजना बदलली? खर्चाचा निर्णय कोणी घेतला? हिशेब कोणाला दाखवला? पहिला प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्याचे उत्तर सभागृहात मिळत नाही. त्यासाठी वाडीपर्यंत चालत जावे लागते.

दान देणाऱ्याचे नाव फलकावर राहते. घेणाऱ्याचे मत निर्णयात उतरले, तर दानाला सहकार्याचे रूप येते. पुढील पन्नास वर्षांच्या कार्याची मोजणी या मापाने व्हावी.

जय जिनेंद्र!