श्रद्धा आणि रोजचें काम

इ. स. १५३५ च्या सुमारास जर्मनींतील विटेनबर्ग गांवच्या पीटर नांवाच्या न्हाव्यानें मार्टिन ल्यूथरला, प्रार्थना करावी तरी कशी, असें विचारलें. ल्यूथर त्या वेळीं युरोपभर गाजलेला पंडित. पण एवढ्या प्रश्नासाठीं त्यानें एक लहानसें पुस्तकच लिहून छापविलें. त्यांत एक दाखला आहे. चांगल्या न्हाव्याचें सारें लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर असावें लागतें. हात चालूं असतां तो गप्पा मारूं लागला, तर गिऱ्हाइकाचें नाक कापलें जावयाचें. प्रार्थनेंतही चित्त असेंच एकाग्र हवें. प्रार्थनेचा धडा देण्यासाठीं ल्यूथरला मठांतला तपस्वी शोधावा लागला नाहीं, हें मला विशेष वाटतें.

त्या काळीं 'ईश्वरी पाचारण' हा शब्द धर्मगुरु आणि मठवासी स्त्रीपुरुष यांच्यासाठींच राखलेला असे. शेतकऱ्यानें पिकवावें, गृहिणीनें रांधावें आणि पुण्य मठांतल्यांनीं मिळवावें, अशी जणूं वांटणीच झालेली! ल्यूथर स्वतः १५०५ सालीं मठांत गेला. उपास, जागरणें, पापकबुली यांत त्यानें कसूर केली नाहीं. तरी मनाला स्वस्थता लाभली नाहीं. पुढें बायबलाच्या अभ्यासानें त्याची खात्री झाली कीं, देवाची कृपा ही कमावण्याची वस्तु नसून ख्रिस्तामुळें फुकट मिळालेलें दान आहे. मग सत्कर्में करावयाचीं कशाला? त्याच्या विचाराचा मथितार्थ असा कीं, त्यांची गरज देवाला नाहीं, शेजाऱ्याला आहे. आपल्या श्रोत्यांस येथें सावता माळ्याची आठवण होईल. परंतु ल्यूथरचा रोख थोडा निराळा आहे. भाजींत देव पाहण्यापेक्षां, ती खाणाऱ्याकडे त्याची दृष्टि आहे. पाचारणाचा 'बेरूफ' हा जर्मन शब्द त्यानें रोजच्या धंद्यास लावला, तो याच अर्थानें.

१५२२ सालीं विवाहाविषयीं लिहितांना तो म्हणतो कीं, तान्ह्या मुलाचीं दुपटीं धुणाऱ्या बापाला लोक खुशाल हंसोत. तें काम तो श्रद्धेनें करीत असेल, तर देव आणि देवदूतही हंसतात, पण कौतुकानें. हें लिहिणारा गृहस्थ तेव्हां अविवाहित होता! तीन वर्षांनीं त्यानें काथारीना फॉन बोरा या मठ सोडून आलेल्या स्त्रीशीं लग्न केलें. पुढें त्या घरीं सहा मुलें झालीं. गुरें, बाग, बीअर गाळणें, जेवावयास राहणारे विद्यार्थी, हा सारा व्याप काथारीनानें सांभाळला.

हें सर्व ऐकावयास गोड आहे. पण १५२९ सालच्या प्रश्नोत्तरावल्या उघडल्या म्हणजे त्याची धार कळते. पापकबुलीपूर्वीं माणसानें दहा आज्ञा समोर ठेवून स्वतःस विचारावें: मी बाप आहें कीं आई, मुलगा कीं मुलगी, धनी कीं चाकर? त्या नात्यांत मीं आळस केला काय? शब्दानें कोणाला दुखविलें काय? कशाची नासाडी केली काय? चोरीची आज्ञा समजावितांना तर ल्यूथर खोटीं वजनें वापरणाऱ्या दुकानदाराला आणि पूर्ण मजुरी घेऊन अर्धें काम करणाऱ्या मजुराला चोरांच्या रांगेंत बसवितो. खुर्चीवर बसून लुटणारे प्रतिष्ठित नागरिक त्याच्या मतें तिजोरी फोडणाऱ्यांहून वाईट. अशी श्रद्धा रविवारच्या उपासनेपुरती ठेवतां येत नाहीं.

तथापि या शिकवणीला एक काळी बाजू आहे. आपली जागा देवानें दिली म्हटलें, कीं दुबळ्यास 'तेथेंच निमूट राहा' असें सांगणें सोपें होतें. १५२५ सालीं शेतकऱ्यांनीं वेठबिगारींतून मुक्तता मागितली. ल्यूथरनें प्रथम जमीनदारांच्या जुलमावर कोरडे ओढले. परंतु ख्रिस्ती स्वातंत्र्य आत्म्याचें आहे, देहाचें नव्हे, असें म्हणून ती मागणी त्यानें मान्य केली नाहीं, आणि बंड भडकतांच त्यांना निष्ठुरपणें चिरडण्यास राजांना चिथावलें. हजारों शेतकरी मारले गेले. ल्यूथरच्या चाहत्यांनीं हा डाग झांकूं नये.

पण त्याच शिकवणीचें दुसरें टोंक १९४२ सालीं नॉर्वेंत दिसलें. जर्मनांच्या आश्रयानें सत्तेवर आलेल्या क्विस्लिंगनें मुलांना सक्तीनें आपल्या पक्षाच्या युवकसंघटनेंत घालावयाचें ठरविलें. तेथील बहुतेक प्रजा ल्यूथरच्या पंथाची. बिशपांनीं स्पष्ट सांगितलें कीं, मुलांना वाढविण्याचें काम देवानें आईबापांवर सोंपविलें आहे. तें सरकारास हिरावून घेतां येत नाहीं. हजारों पालकांनीं आपल्या सहीचीं निषेधपत्रें पाठविलीं. शिक्षकांनीं सरकारी संघांत जाण्याचें नाकारलें, तेव्हां सुमारें ११०० जणांना अटक झाली व कित्येकांना अगदीं उत्तरेस किर्केनेस येथें सक्तमजुरीवर धाडण्यांत आलें. ५ एप्रिल, ईस्टरच्या दिवशीं, बहुसंख्य पाळकांनीं सरकारी पद सोडलें. पगार गेला, तरी प्रवचनें, बाप्तिस्मे आणि आजाऱ्यांच्या भेटी त्यांनीं चालूच ठेवल्या. वर्ष संपण्यापूर्वीं किर्केनेसचे शिक्षक घरीं परतले, आणि मुलांच्या सक्तीच्या भरतीची योजना कागदावरच राहिली.