हलकं छप्पर

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या जत्रेत मी तंबू ठोकणाऱ्यांकडे हमखास बघत उभा राहतो. दोन बल्ल्या, चार दोर. कापडाला ताण बसला की सावली तयार! रशियात १८९६ साली निज्नी नोवगोरोदला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. तिथल्या दालनांवर व्लादिमीर शुखोव या अभियंत्याने हीच युक्ती लोखंडात केली. पट्ट्यांची जाळी विणून ती खांबांवरून ताणली. त्याचा पाण्याचा मनोराही टोपलीसारखा विणलेला. प्रदर्शनानंतर पोलिबिनो गावी हलवलेला तो मनोरा आजही उभा आहे.

हे ऐकलं की मला लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आठवतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे हजारो माणसं आपल्याच घरांखाली गाडली गेली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात तेच गारवा द्यायचं. पण धरणी हलली तेव्हा त्याचा भारच जिवावर उठला.

भक्कम म्हणजे जड, हा समज आपल्या मनातून अजून जात नाही. म्हणून मंडळी, घर बांधताना गवंड्याला एवढं जरूर विचारा: डोक्यावर भार किती, आणि तो धरून कोण ठेवणार?