बाळ रात्री का रडतं?

मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. अंगाई मीही लिहिली आहे. पण अंगाई गायली की बाळ झोपतं, हा माझा समज आमच्या नातीनं मोडला.

मुलगी बाळंतपणाला जिंतूरला आली होती. नात दीड महिन्याची झाली आणि मगरीबची अजान झाली की रडू लागली, ती पार मध्यरात्रीपर्यंत. मुठी आवळायची, पाय पोटाशी घ्यायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, गुटी उगाळून द्या. कुणी म्हणालं, शहद चाटवा. मुलीचं वरण, वांगं, कोबी सगळं बंद झालं. ती बिचारी उपाशी, बाळाचं रडणं मात्र तसंच.

तेव्हा अम्मी हळूच म्हणाली, ''तुला मी अफूचा कण देऊन झोपवत होते रे. कापूस वेचायला जावं लागायचं.'' मी गप्प झालो. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायकाही तान्ह्यांना अफूची बाळगोळी देत, हे 1922 च्या एका सरकारी अहवालात नोंदलेलं आहे. अफूनं पोट बरं होत नाही. भूक मरते, श्वास मंदावतो, कधी थांबतोही. विल्यम वुडवर्ड यांनी 1851 मध्ये इंग्लंडात काढलेल्या ग्राइप वॉटरमध्येही त्या काळी अल्कोहोल असे.

दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी बाळ तपासलं, वजन केलं. वजन छान वाढत होतं. मग मुलीला समोर दूध पाजायला सांगितलं. बाळ नुसतं स्तनाचं टोक तोंडात धरत होतं आणि दुधाबरोबर हवा गिळत होतं. डॉक्टर म्हणाले, ''भोवतालचा काळा भागही तोंडात जाऊ द्या. पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढा. असं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, तीन-चार महिन्यांत ओसरतं. आईनं सगळं खावं.'' काही थोड्या बाळांना आईच्या आहारातल्या गाई-म्हशीच्या दुधाचा त्रास होतो. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, शेजाऱ्यांनी नाही.

मध चाटवायची रीत हिंदू घरांत आहे, आमच्यातही आहे. पण मधातल्या जंतूंमुळे तान्ह्याच्या आतड्यात विष तयार होऊ शकतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेततं. म्हणून वर्षाच्या आत मध नको. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. पुढे मऊ वरणभात, खिचडी द्यावी. आपल्याकडे चहात बुडवलेलं बिस्किट सर्रास देतात. चहानं झोप उडते आणि पोटही नीट भरत नाही.

ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, फुगलेलं कडक पोट, दूध न ओढणं, यांपैकी काही दिसलं तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा.

नातीचं रडणं एका दिवसात थांबलं नाही. आम्ही आळीपाळीनं तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरलो. चौथ्या महिन्यात ती शांत झोपू लागली. मुलीनं पुन्हा पोटभर भाकरी-भरीत खाल्लं. अम्मी मला म्हणाली, ''आमच्या वेळी कुणी सांगितलंच नाही रे.'' म्हणून आज हे तुम्हाला सांगतो आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)