गजकर्ण, टाकळा आणि गोवा पावडर



पाऊस सुरू झाला की रस्त्याच्या कडेला टाकळा माजतो. कोवळा असेपर्यंत त्याची भाजी करायची. मग बारीक, वाकड्या शेंगा धरतात. नेमक्या त्याच दिवसांत, ओल्या कपड्यांत वावरून, जांघेत नि कमरेला गजकर्णाचे गोल चट्टे उठतात. घरातलं जुनं माणूस सांगतं, टाकळ्याचं बी ताकात वाटून लाव. संस्कृतात टाकळ्याला ‘दद्रुघ्न’च म्हणतात. दद्रु म्हणजे गजकर्ण.

यात तथ्य आहे. गंमत म्हणजे त्याचा धागा पार ब्राझीलला पोचतो. तिथल्या अरारोबा वृक्षाच्या खोडातल्या पोकळीत पिवळसर भुकटी साठते. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात आली आणि एकोणिसाव्या शतकात गजकर्णावरचं औषध म्हणून मुंबईत विकली गेली. नाव पडलं ‘गोवा पावडर’! पुढे १९७५ मध्ये आचार्य आणि चॅटर्जी या संशोधकांनी टाकळ्याच्या बियांतलं बुरशीला रोखणारं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. ते निघालं क्रायसोफॅनिक ॲसिड अँथ्रोन, म्हणजे गोवा पावडरीतलं मुख्य द्रव्यच.

पण या द्रव्यानं रोखलेली बुरशी प्रयोगशाळेतली. आपल्या अंगावरची बुरशी कातडीच्या थरात, केसांच्या मुळाशी दडते. शिवाय गोवा पावडरीनं कातडी भाजून निघे, कपड्यांवरचे डाग धुतले तरी जात नसत.

शेजारच्या काकूंना टाकळ्याच्या लेपानं गुण आला, असं आपण ऐकतो. काकू खोटं बोलत नाहीत. पण ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या टी ट्री या झाडाच्या तेलाची चिखल्यांवर चाचणी झाली, तिचे आकडे २००२ साली छापून आले. रुग्ण १५८, औषध चार आठवडे. पन्नास टक्के तेलाच्या द्रावणानं शंभरातल्या ६४ जणांची बुरशी गेली. आणि तेल नसलेल्या नुसत्या द्रावणानं? ३१ जणांची! काकू या एकतीस जणांतल्या नसतील कशावरून? टाकळ्याच्या लेपालाही याच परीक्षेला बसावं लागेल.

तोवर भाजी खुशाल खा. चट्टा मात्र डॉक्टरांना दाखवा. दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम परस्पर आणू नका. खाज थांबते, बुरशी आत पसरत राहते. चट्ट्याची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशीचे तंतू तिथल्या तिथे दिसतात. ही तपासणी मागून घ्या.