शौर्य, धैर्य आणि काटकपणा

श्रोतेहो, शौर्य, धैर्य आणि काटकपणा हे तीन शब्द आपण सर्रास एकाच अर्थानें योजतों. त्यांतील भेद आम्हां कोल्हापूरकरांना पन्हाळ्याच्या एका रात्रींत पाहावयास मिळतो.

१६६० सालीं सिद्दी जौहरानें गडाला वेढा घातला होता. जुलै महिन्यांतील पावसाळी रात्रीं शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले. घोडखिंडींत बाजीप्रभूंनीं शत्रूस रोखून धरिलें, हें शौर्य. त्याला समोर शत्रू लागतो आणि हातीं शस्त्र लागतें.

शिवा काशीद महाराजांच्या वेषांत पालखींत बसला, असें परंपरा सांगते. त्याला लढावयाचें नव्हतें. मरण जाणून स्वस्थ बसावयाचें होतें. हें धैर्य. ‘धीर धर’ म्हणतांना आपण ‘भिऊं नको’ आणि ‘उतावीळ होऊं नको’ हीं दोन्ही एकदमच सांगतों.

त्याच परंपरेंत दुसरी पालखी चिखलांतून रात्रभर वाहणारे भोई येतात. त्यांचा गुण काटकपणा. हा मूळचा देहाचा गुण. ऊन, पाऊस आणि कष्ट यांवर तो पोसतो. भित्रा मनुष्यही काटक असूं शकतो, आणि शूर मनुष्य दोन कोसांत थकूं शकतो.

या तिन्ही गुणांना सरसकट शौर्य म्हटलें, तर सारा मान तलवारीला जातो आणि खांदा देणारा विसरला जातो. बाजीप्रभूंच्या रक्तानें खिंड पावन झाली. भोयांचीं नांवें आपल्या ओठीं नाहींत. निदान त्यांच्या गुणाचा शब्द तरी त्यांच्याकडेच राहूं द्यावा, एवढें सांगून आपली रजा घेतों.